नववा प्रश्न

गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, कामापुरती लॅटिनही शिकलो. प्रवचन कसे करावे, पापनिवेदन कसे ऐकावे, मरणासन्न माणसाच्या उशाशी कसे बसावे, ह्याचे धडे आम्हाला मिळाले. अनुदानासाठी अर्ज कसा लिहावा, हे मात्र कोणी शिकवले नाही. पुढे धर्मग्रामाचा भार खांद्यावर आला तेव्हा दिसून आले, की पाळकाच्या टेबलावर बायबलच्या शेजारी जो कागद सर्वांत जास्त दिवस पडून असतो, तो कुठला ना कुठला अर्जच असतो. सभागृहाचे छप्पर, मुलांची अभ्यासिका, पाड्यावरची बालवाडी, महिलांचे मंडळ. प्रत्येक चांगल्या कामापाठोपाठ पैशाचा प्रश्न येतो आणि कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. तो कसा पसरावा, ह्याविषयी जे थोडेफार शहाणपण आमच्या पदरी पडले, ते एका चुकीतून पडले. ती चूक वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाण्याची प्रथा आपल्या धर्मग्रामांत जुनी आहे. आम्ही तरुण असताना ही फेरी म्हणजे एक सोहळा असे. घरात सुना, नातवंडे, शेजारीपाजारी जमलेले असत. टेबलावर पांढरे कापड अंथरलेले, मेणबत्ती पेटवलेली असे. अलीकडे वसईच्या आमच्या आळ्यांतून ही फेरी करताना पाय जड होतात. घरे मोठी झाली आणि त्यांतली माणसे कमी झाली. मुले कॅनडात, आखातात किंवा मुंबईत. येथे उरतात ती दोन म्हातारी माणसे, पुष्कळदा एकच. दाराची कडी आतून काढायला कोणी नसते, म्हणून किल्ली शेजारी ठेवलेली असते. मुले पैसे पाठवतात, रोज फोन करतात. परंतु कुशीवर वळवण्याचे काम फोनवरून होत नाही.

२०२० साली टाळेबंदीत आमच्या धर्मग्रामातील काही स्त्रियांनी अशा घरांच्या ओट्यावर डबे ठेवायला सुरुवात केली. टाळेबंदी उठली, पण त्या थांबल्या नाहीत. एक निवृत्त परिचारिका त्यांच्यात आली, मग एक निवृत्त शिक्षिका आली. दोन वर्षांत अकरा जणींचा गट झाला आणि त्यांच्या वहीत त्रेचाळीस नावे झाली. जखम धुणे, साखर तपासणे, केस विंचरणे, औषधाच्या गोळ्या वारानुसार डब्यात भरून ठेवणे, पेन्शनच्या कामासाठी बँकेत घेऊन जाणे, अशी ही सेवा. परंतु अकराही जणी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांतल्या दोघींना स्वतःलाच गुडघ्यांचा त्रास. एखाद्या पगारी परिचारिकेची आणि दोन प्रशिक्षित मदतनिसांची गरज होती. ते सारे कुठून आणायचे, असा प्रश्न धर्मग्राम परिषदेत निघाला आणि सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या.

अर्ज लिहिण्याचा अनुभव आमच्या गाठीला अगदीच नव्हता असे नाही. सहायक धर्मगुरू असताना, साधारण १९९९ साली, आम्ही असाच एक अर्ज केला होता. परदेशातील एक दाता शिवणयंत्रे देत आहे असे कळले. आमच्या धर्मग्रामाला शिवणवर्गाची गरज आहे काय, हा प्रश्न आम्ही कोणाला विचारला नाही. यंत्रे मिळत आहेत एवढे पुरे झाले. अर्ज मंजूर झाला, बारा यंत्रे आली, फीत कापली, छायाचित्र निघाले. दीड वर्षाने वर्गात तीन मुली उरल्या आणि पुढे यंत्रांवर चादर पडली. त्या दात्याला आम्ही दोष देत नाही. त्याने पैसे दिले आणि आम्ही त्याच्या पैशाला साजेशी गरज शोधून काढली. अंगरखा आधी शिवून मग त्यात बसणारा माणूस शोधण्यासारखेच ते होते.

ह्या खेपेला गरज खरी होती. मग मार्ग शोधू लागलो. आपल्या समाजाला दोन्ही मार्ग परिचयाचे आहेत. अमेरिकेने १९५४ साली केलेल्या पी.एल. ४८० कायद्यान्वये आलेले धान्य आणि दूध-पावडर चर्चच्या संस्थांमार्फत देशभर वाटली गेली. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्या पावडरीची चव अजून निघते. दुसरीकडे, त्याहूनही आधी, १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत आपल्याच लोकांनी सहकारी तत्त्वावर पैसा एकत्र केला आणि त्यातून आजची बॅसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली. एक मार्ग समुद्रापलीकडून येणारा, दुसरा आपल्याच वाडीतून निघणारा. आम्ही प्रथम पाहिले ते, का कोण जाणे, समुद्राकडेच.

तो मार्ग आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही, हे कागद हाती घेतल्यावर कळले. परदेशी देणगीविषयीचा कायदा आपल्याकडे प्रथम १९७६ साली झाला, २०१० साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक केले. कार्यालयीन खर्चाची मर्यादा देणगीच्या निम्म्यावरून एक पंचमांशावर आणली. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास तिने संपूर्ण मज्जाव केला. पूर्वी मोठी संस्था देणगी आणी आणि गावोगावच्या लहान मंडळांना वाटून देई. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्यांत जावे तसे. विहीर राहिली, पाट बुजले. स्वतःच नोंदणी मागावी, तर त्याच वर्षीच्या नियमांनी आधीच्या तीन वर्षांत पंधरा लाख रुपयांचा खर्च दाखवण्याची अट घातलेली. आमच्या धर्मग्रामाचा धर्मादाय न्यास जुना खरा, परंतु तीन वर्षांत पंधरा लाख खर्चण्याइतकी ऐपत त्याला कधीच नव्हती.

उरला तो देशातल्या कंपन्यांचा मार्ग. कंपनी कायदा २०१३ मधील १३५ व्या कलमान्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्चायची असते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्या कामांची यादी दिली आहे, तीत ज्येष्ठ नागरिकांच्या सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. हे वाचून आम्हाला हुरूप आला. मग कागदपत्रांची जमवाजमव सुरू झाली. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला, न्यासपत्राची प्रत, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, आयकर खात्याची प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावरील क्रमांक, आणि एप्रिल २०२१ पासून लागू झालेली 'सीएसआर-१' ही कंपनी खात्याकडील नोंदणी. हे सर्व करताना असे निघाले, की आमच्या न्यासाच्या दप्तरी दोन विश्वस्तांची नावे ते प्रभूघरी गेल्यानंतरही तशीच राहिली होती. बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात कोणी केलाच नव्हता. तो निस्तरण्यात सात महिने गेले. मंडळे चालवणाऱ्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते, की दाता शोधायला निघण्यापूर्वी आपल्या कपाटातील फाइल एकदा उघडून पाहावी.

२०२३ च्या सुरुवातीला मुंबईतील एका कंपनीचा अर्ज हाती आला. अठ्ठावीस प्रश्न होते. अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा म्हणून आम्ही एका सल्लागाराला भेटलो. त्यांनी मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांवर अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली. ते आम्हाला रुचले नाही. परंतु निरोप घेताना त्यांनी फुकट दिलेला एक सल्ला आमच्या मनात रुतून बसला. ते म्हणाले, "फादर, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. दुःख जरा गडद रंगवा."

आणि आम्ही ते रंगवले. चार रात्री जागून, सेमिनरीत कमावलेले सारे भाषावैभव पणाला लावून आम्ही पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे समस्येच्या स्वरूपाचे, उत्तर लिहिले. त्रेचाळीस वृद्ध हे निराधार झाले, परित्यक्त झाले, समाजाने टाकलेले झाले. त्यांची मुले त्यांना विसरली आहेत असे आम्ही लिहिले. प्रत्येकाच्या नावाऐवजी क्रमांक घातला, कारण अर्जात तसे सांगितले होते. छायाचित्रे हवी होती. एका आजोबांच्या पाठीला अंथरुणाच्या जखमा होत्या. त्यांचे छायाचित्र घेण्यासाठी आम्ही स्वतः गेलो. त्यांनी कुशीवर होता होता विचारले, "तुमचं काम होईल ना ह्यानं, फादर? मग काढा." त्यांच्या त्या परवानगीला आम्ही संमती म्हटले. आज त्या शब्दाची लाज वाटते. ज्या माणसाने आमच्या हातून शुक्रवारी कम्युनियन घेतले, तो आम्हाला नाही कसा म्हणणार होता?

टंकलेखनासाठी मजकूर निवृत्त शिक्षिकेकडे दिला. आळीत सारे त्यांना टीचर म्हणतात. एरव्ही दुसऱ्या दिवशी कागद परत करणाऱ्या टीचर चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या रोझरीनंतर आल्या, कागद टेबलावर ठेवले आणि उभ्याच राहिल्या. आम्ही बसायला सांगितले, तरी बसल्या नाहीत.

"फादर, सतरा नंबरला माझी सासू आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही होकार दिला.

"तुम्ही तिला परित्यक्त लिहिलंय. मग मी कोण?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही काहीतरी सांगू लागलो, की अर्जाची भाषा अशीच असते, हे शब्द सर्वांना मिळून आहेत, ते कुणा एकाला उद्देशून नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं ती पहाटेच्या गाडीनं दादरला भाजी घेऊन गेली. त्या पैशात तीन मुलं शिकली. आळीतल्या क्रूसाजवळच्या ओट्याला तिनं हातातली बांगडी दिली होती. आता ती पडून आहे, हे खरं. मी एकटी उचलू शकत नाही, म्हणून आम्हाला माणूस पाहिजे. एवढंच लिहा ना, फादर. एवढं पुरत नाही का?"

त्या गेल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. आपण खोटे लिहिले, एवढाच हा प्रश्न नव्हता. सासूला एकट्याने उचलणे जमत नाही म्हणून मदत मागणाऱ्या स्त्रीला, मदत मिळवण्यासाठीच, आम्ही सासूला टाकणारी ठरवले होते. त्रेचाळीस घरांतील मुलांना, सुनांना, रात्री-अपरात्री कॅनडाहून फोन करणाऱ्या लेकींना आम्ही एका वाक्यात गुन्हेगार करून टाकले होते; आणि ते कागद त्यांच्यापर्यंत कधी पोहोचणार नाहीत अशा भरवशावर केले होते. ज्याच्या नावाने आपण मागतो त्याच्यासमोर जो अर्ज मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, तो अर्ज पाठवण्याच्या योग्यतेचा नव्हे. हा नियम आम्हाला त्या संध्याकाळी कळला.

जर्मनीतील बिशपांनी १९५८ साली स्थापन केलेल्या मिझेरेओर ह्या संस्थेचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तिचे लॅटिन नाव शुभवर्तमानातून आले आहे. मार्कच्या आठव्या अध्यायात तीन दिवस आपल्याजवळ राहिलेल्या भुकेल्या लोकसमुदायाविषयी प्रभू आपला कळवळा बोलून दाखवतो, तेथला तो शब्द. प्रवचनात हा प्रसंग आम्ही कितीदा तरी सांगितला असेल. त्या रात्री तो पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट नव्याने दिसली. कळवळा व्यक्त केल्यानंतर प्रभू शिष्यांना लोकांच्या भुकेचे वर्णन करायला सांगत नाही. कोण किती उपाशी आहे ह्याची यादी मागत नाही. तो विचारतो, की त्यांच्याजवळ भाकरी किती आहेत. चार हजार माणसांपुढे सात भाकरी म्हणजे काहीच नव्हे. परंतु त्या सात मोजल्या जातात, हातात घेतल्या जातात, आणि मगच पुढचे घडते.

आमच्यापुढील अठ्ठावीस प्रश्नांत हाच प्रश्न नवव्या क्रमांकावर होता. ह्या कामात संस्थेचा स्वतःचा वाटा कोणता, असे तेथे विचारले होते. आम्ही त्याच्यापुढे एक ओळ लिहिली होती, 'संस्था आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याने वाटा उचलण्यास असमर्थ आहे.' ती ओळ खोडली आणि ठरवले, की अर्ज पुन्हा लिहायचा आणि आरंभ नवव्या प्रश्नापासून करायचा.

पहिला अंदाज असा होता. परिचारिकेचे वेतन वर्षाला तीन लाख रुपये, दोन मदतनिसांचे तीन लाख साठ हजार, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे एक लाख चव्वेचाळीस हजार, साधनसामग्री अडीच लाख, रिक्षाभाडे साठ हजार, मलमपट्टी व किरकोळ औषधे बहात्तर हजार, कार्यालय व हिशेब तपासणी चौतीस हजार. एकूण बारा लाख वीस हजार. पुढच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी आम्ही हा तक्ता धर्मग्रामापुढे वाचून दाखवला. दुःखाचे वर्णन केले नाही; फक्त आकडे वाचले आणि विचारले, की ह्यांपैकी कोणाच्या घरी काय आहे.

आठवड्याभरात आमच्या पडवीत जे जमले, ते पाहून आम्ही थक्क झालो. आपल्याकडे माणूस गेला की त्याची व्हीलचेअर माळ्यावर जाते. द्यायची कोणाला हे ठाऊक नसते, टाकून देणे जिवावर येते. नऊ व्हीलचेअर आल्या, सहा वॉकर आले, चार कमोडच्या खुर्च्या, दोन हवेच्या गाद्या, आणि डोक्याकडून उचलता येणारी एक लोखंडी खाट. एका आजींनी आपल्या दिवंगत यजमानांची काठी आणली आणि ती ठेवून जाताना तिची मूठ पुसली. धर्मग्रामातील सायकल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी खुर्च्यांची चाके नीट करून दिली. साधनसामग्रीचे अडीच लाख सत्तर हजारांवर आले. दोन रिक्षावाल्यांनी आठवड्यातले ठरावीक फेरे विनामूल्य अंगावर घेतले. भाडे निम्मे झाले. बारा लाख वीस हजारांचे दहा लाख दहा हजार झाले, आणि अजून एकाही दात्याचे दार आम्ही ठोठावले नव्हते.

मग परिषदेत एका तरुणाने सुचवले, की तीनशे कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात, म्हणजे दोघी मदतनिसांचे पूर्ण वेतन. ह्यावर वाद झाला. चर्चच्या नावाने आधीच किती वर्गण्या, असे एकजण म्हणाले आणि त्यात तथ्य होते. शेवटी वर्गणी ऐच्छिक ठेवावी आणि हिशेब दर महिन्याला चर्चच्या दारावर लावावा, असे ठरले. पन्नासेक कुटुंबे दर महिन्याला विसरतात. त्यांना आठवण करून देण्याचे नको वाटणारे काम तो तरुण अजूनही हसतमुखाने करतो.

हिशेब दारावर लावण्याची कल्पना नवी नाही. संत पौलाने यरुशलेममधील गरीब बंधुजनांसाठी वर्गणी गोळा केली, तिच्याविषयी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन सबंध अध्याय आहेत. त्यांत दोन गोष्टी विशेष आहेत. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दरिद्री असताना त्यांनी ऐपतीपलीकडे दिले, हे तो अभिमानाने सांगतो. आणि ह्या रकमेबाबत आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो. पौलासारख्या प्रेषिताला साक्षीदाराची गरज वाटली, तर तुम्हा-आम्हाला हिशेब तपासनिसाचा राग येण्याचे कारण नाही. 'फादरांवर आमचा विश्वास आहे' हे वाक्य कानाला गोड लागते, परंतु ते पावतीची जागा घेऊ शकत नाही.

नवा अर्ज टीचरनीच टंकलिखित केला. समस्येचे स्वरूप पाऊण पानात आले. त्रेचाळीस वृद्ध आहेत. बहुतेकांना प्रेम करणारी माणसे आहेत. त्या माणसांना रोज उचलण्याचे, वळवण्याचे, जखम धुण्याचे काम एकट्याने झेपत नाही. आम्ही इतके जमवले आहे, इतके कमी पडते. जखमेचे छायाचित्र काढून टाकले. त्याच्या जागी पडवीतल्या नऊ खुर्च्यांचे छायाचित्र लावले. मागणी साडेसहा लाखांची केली. पाठवण्यापूर्वी तो अर्ज आम्ही पहिल्या शुक्रवारच्या फेरीत सतरा क्रमांकाच्या आजींना वाचून दाखवला. त्यांना किती कळले, सांगता येत नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "पैसं परत द्यायचं हाय का?" परत द्यायचे नाहीत असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग हिशेब नीट ठेवा."

वाचकांना वाटेल, की इतक्या प्रामाणिक अर्जाला यश आले असणार. त्या कंपनीचे दोन ओळींचे पत्र चार महिन्यांनी आले. आमचे काम त्यांच्या त्या वर्षीच्या प्राधान्यक्रमात बसत नव्हते. खरे बोलले की पैसे मिळतात असा काही नियम नाही, आणि तसे आम्ही कोणाला सांगणार नाही. कदाचित गडद रंगवलेला अर्ज मंजूर झालाही असता. त्या रात्री हा विचार मनात आला नाही असे म्हटले तर ते आणखी एक खोटे होईल.

दुसऱ्या एका कंपनीकडे २०२४ साली तोच अर्ज थोडा फेरफार करून पाठवला. त्यांचे अधिकारी येऊन गेले, टीचरच्या घरी चहा प्याले, चर्चच्या दारावरचा हिशेब त्यांनी उभ्याने वाचला, आणि एका वर्षासाठी चार लाख रुपये मंजूर केले. अडीच लाख कमी पडले. साधनांची खरेदी पुढे ढकलली, फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून एकदाच बोलावले, आणि उरलेला लाखभराचा खड्डा धर्मग्रामाच्या सणाच्या दानाने कसाबसा बुजवला. परिचारिका आली. पाठीला जखमा असलेल्या त्या आजोबांच्या जखमा तीन महिन्यांत भरून आल्या. हे छायाचित्र मात्र आम्ही काढले नाही.

चार लाख एका वर्षाचे होते, हे आम्ही पहिल्या दिवसापासून सर्वांना सांगत होतो. अनुदान म्हणजे पावसाळा. तो येतो आणि जातो. त्या चार महिन्यांत विहीर खणून घेतली नाही, तर मे महिन्यात पावसाला दोष देण्यात अर्थ नसतो. म्हणून परिचारिकेने त्या वर्षात धर्मग्रामातील चौदा तरुण-तरुणींना रुग्णाला सुरक्षित कसे उचलावे, जखम कशी बांधावी, हे शिकवले. त्यांतली एक मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. वर्गणीदार कुटुंबे वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. पुढच्या वर्षी काय होईल, हे आज सांगता येत नाही.

२०२५ साली वर्षअखेरचा अहवाल लिहायला बसलो. त्यातही रकाने होते. आरंभीची लाभार्थी संख्या, अखेरची लाभार्थी संख्या, आणि कार्यक्रम सोडून गेलेल्यांची संख्या व कारणे. सतरा क्रमांकाच्या आजी उपवासकाळात प्रभूघरी गेल्या होत्या. आपल्या घरी, आपल्या खाटेवर, अंगावर एकही जखम नसताना, सून एका बाजूला आणि परिचारिका दुसऱ्या बाजूला असताना गेल्या. ह्या गोष्टीसाठी अहवालात रकाना नव्हता. चांगले मरण कोणत्या कामगिरीत मोडते, ते छापील कागदाला ठाऊक नसते. आम्ही 'सोडून गेलेल्यांत' त्यांना घालू शकलो नाही. पानाच्या तळाशी 'अन्य' म्हणून थोडी जागा होती. तेथे दोन वाक्ये लिहिली आणि त्यांत, कुटुंबाच्या संमतीने, क्रमांकाऐवजी त्यांचे नाव लिहिले.

महिना सरल्यावर टीचरनी सासूची कमोडची खुर्ची आणि वॉकर पडवीत आणून ठेवले. दोन्ही स्वच्छ धुतलेले होते. दोन दिवसांनी ते दुसऱ्या आळीत गेले. नव्या वर्षाचा अर्ज आता आमच्या टेबलावर आहे. ह्याही अर्जात समस्येचे स्वरूप पहिल्या क्रमांकावर आहे आणि आपला वाटा बऱ्याच खाली. आम्ही पेन्सिलीने त्या खालच्या प्रश्नाभोवती वर्तुळ काढून ठेवले आहे. येत्या रविवारी मिस्सेच्या शेवटी पुन्हा आकडे वाचायचे आहेत. ज्यांच्या माळ्यावर काही पडून असेल, त्यांनी ते खाली काढावे.